रेकॉर्डिंग माझं, कुलूप कुणाचं?

परवा शनिवारी सकाळी चहा पिता पिता आजीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर आबांचा कार्यक्रम कधी लागणार रे?"

हा प्रश्न आमच्या घरी महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. मी दर वेळी "बघतो गं" म्हणतो आणि विषय बदलतो. हापिसात "बघतो" म्हटलं की मॅनेजरला कळतं की हे काम होणार नाही. आजीला अजून कळलेलं नाही. किंवा कळलं असेल, पण ती विचारायचं सोडत नाही.

प्रकरण असं आहे. २०१४ साली सह्याद्री वाहिनीवरच्या एका शेतीविषयक कार्यक्रमात आमचे आबा दिसले होते. तासगावकडची द्राक्षं, बेदाणा, शेडमध्ये तो कसा सुकवायचा वगैरे. एकूण सात मिनिटं. आबांनी त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कॅमेऱ्याकडे न बघता सगळा वेळ द्राक्षांकडेच बघत बोलले. बाबांनी तो कार्यक्रम डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केला. हार्ड डिस्कवाला बॉक्स होता, घरात नवा नवा आलेला. पुढची तीन वर्षं घरी कुणी पाहुणा आला की रिमोट हातात घेऊन तेच. आबा समोर बसून स्वतःलाच टीव्हीवर बघायचे आणि "अजून थोडं सांगायला पाहिजे होतं" म्हणायचे.

२०१७ मध्ये आबा गेले. २०१९ मध्ये बॉक्स गेला. टेक्निशियन आला, दोन मिनिटांत म्हणाला, "सर, बोर्ड गेलाय. बॉक्स बदलून मिळेल."

"आणि आतलं रेकॉर्डिंग?"

"ते नाही मिळणार सर. नवीन करा की!"

आता बोला! नवीन करा म्हणे.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अंगात भलताच आत्मविश्वास. हात घातला, बॉक्स उघडला, डिस्क बाहेर काढली, लिनक्सच्या मशीनला जोडली. पार्टिशन दिसलं. फायली दिसल्या. तारीख जुळली, आकार जुळला. मी आजीला हाक मारली, "ये, बघ!" आणि फाईल व्हीएलसीत टाकली. नुसता कचरा. काळा पडदा. फाईल सुखरूप होती, पण एन्क्रिप्ट केलेली होती. आणि तिची चावी त्या मेलेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये, टेक्निशियनबरोबर निघून गेलेली.

आजी थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "असू दे, नंतर लाव." ते 'नंतर' अजून चालू आहे.

तर मंडळी, आजचा विषय हा. आपल्याच घरात, आपल्याच पैशांनी, आपल्याच बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर का चालू नये? माझं म्हणणं सरळ आहे: चाललंच पाहिजे. आणि ते चालू नये म्हणून घातलेलं कुलूप चोरांसाठी नसून तुमच्या-आमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथे दोन वेगळ्या कुलपांची नेहमी सरमिसळ होते. पहिलं कुलूप आकाशातून येणाऱ्या सिग्नलवर असतं. पैसे भरा, कार्ड चालू ठेवा, मग चॅनेल दिसेल. या कुलपाबद्दल माझी काही तक्रार नाही. दुकानदाराने पैसे घेतल्याशिवाय माल देऊ नये, बरोबरच आहे. दुसरं कुलूप येतं त्यानंतर. तुम्ही पैसे भरलेत, सिग्नल उघडला, चित्र तुमच्या टीव्हीवर आलं, तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं. आता बॉक्स तेच चित्र पुन्हा एकदा, स्वतःच्या खास चावीने बंद करून डिस्कवर ठेवतो. म्हणजे दुकानातून पैसे देऊन आणलेली साखर तुमच्याच डब्यात भरायची, आणि डब्याची किल्ली दुकानदाराकडे! मुलाच्या खोलीत चहा करायचा असेल तर साखर तिकडे नेता येणार नाही. डबा बदलला तर साखर फेकून द्यायची.

आणि आमच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. सह्याद्री ही पैसे भरून बघायची वाहिनी नाहीच. डीडी फ्री डिशवर ती फुकट दिसते, डिश लावायची आणि बघायची. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. म्हणजे लोकांच्या पैशांवर चालणारी, सगळ्यांसाठी मोकळी असलेली वाहिनी. पण तीच खाजगी डीटीएचच्या बॉक्समधून रेकॉर्ड केली की तिलाही कुलूप! ज्या मालाला मालकानेच कुलूप लावलेलं नाही, त्याला मधल्या हमालाने कुलूप का लावावं? या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता कायद्याकडे. (मी वकील नाही, पण वाचता येतं.) प्रताधिकार कायदा, १९५७. त्यातलं कलम ३९ प्रसारणाच्या हक्काबद्दल आहे. ते सांगतं की रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे प्रसारण-हक्काचा भंग नव्हे. कलम ५२ सुद्धा खाजगी, वैयक्तिक वापरासाठी केलेल्या रास्त वापराला सूट देतं. आणि २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ६५-क, जे अशी तांत्रिक कुलपं तोडण्याबद्दल आहे, तेही हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी काही केलं, तर त्याला त्याच कलमात वाट ठेवलेली आहे.

थोडक्यात, आजीला आबा दाखवणं हा गुन्हा नाही. कायदा माझ्या बाजूने आहे. गणित मात्र नाही. १२८ बिटांची चावी अंदाजाने शोधायची म्हणजे ३४ वर ३७ शून्यं इतक्या चाव्या लावून बघायच्या. तेवढं माझं आयुष्य नाही आणि आजीचं तर नाहीच. माझा खरा राग इथे आहे. संसदेने जे मोकळं ठेवलं ते एका चिपने बंद केलं, आणि याला कुणी मतदान केलेलं नाही.

ही लढाई नवीन नाही बरं का. सोनीचा बीटामॅक्स १९७५ मध्ये आला आणि १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्नेने सोनीवर खटला भरला. लोक घरी बसून टीव्ही रेकॉर्ड करतात म्हणजे आमचा धंदा बुडाला, असा एकूण सूर. १९८२ मध्ये हॉलिवूडच्या निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे व्हीसीआरची तुलना चक्क बायकांचे गळे आवळणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याशी केली होती. १७ जानेवारी १९८४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा रास्त वापर आहे. धंदा बुडाला का? उलट पुढे त्याच व्हिडिओ कॅसेटींनी हॉलिवूडला रग्गड पैसा मिळवून दिला.

पण एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर? विचार करा.

मग कॉम्प्युटर आले आणि कोर्टात जे मिळालं नाही ते डिझाईनमधून मिळवायचा उद्योग सुरू झाला. २००१ मध्ये रिप्ले टीव्हीने एक रेकॉर्डर आणला. त्यातला कार्यक्रम घरातल्या दुसऱ्या रेकॉर्डरवर नेटवर्कवरून बघता यायचा, आणि इंटरनेटवरून दुसऱ्या मालकालाही पाठवता यायचा. लगेच नेटवर्क आणि स्टुडिओवाले कोर्टात. २००३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नंतरच्या मॉडेलमधून इंटरनेटवर पाठवायची सोय काढूनच टाकली.

नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' नावाचा नियम काढला. प्रक्षेपणात एक खूण पाठवायची आणि सगळ्या उपकरणांनी ती मुकाट्याने पाळायची, असा आदेश. १ जुलै २००५ पासून तो लागू होणार होता. त्याच्या आधीच मे २००५ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला, का तर सिग्नल घरात पोचल्यानंतर उपकरणाने काय करावं हे सांगायचा अधिकार एफसीसीला नाही. हे वाक्य मला फ्रेम करून लावावंसं वाटतं. सिग्नल घरात पोचला की पुढचं घराचं.

तरी मे २००८ मध्ये काय झालं? विंडोज व्हिस्टाच्या मीडिया सेंटरने एनबीसीचे काही कार्यक्रम रेकॉर्ड करायलाच नकार दिला, कारण चुकून एक खूण सिग्नलमध्ये गेली होती. कायदा नव्हता, सक्ती नव्हती, तरी सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे मान डोलावून मोकळं! याच मीडिया सेंटरमध्ये मोकळ्या चॅनेलचं रेकॉर्डिंग फोल्डर शेअर करून घरातल्या दुसऱ्या पीसीवर आरामात बघता यायचं, पण खूण लावलेलं रेकॉर्डिंग ज्या मशीनवर केलं तिथेच चालायचं. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर मीडिया सेंटरच बंद झालं. आता ती खूण लावलेली रेकॉर्डिंग्ज कुणाच्या अडगळीतल्या कुठल्या मशीनवर अडकली असतील, देव जाणे.

आपल्याकडचं बघायचं तर २०१२ ते २०१७ या काळात टप्प्याटप्प्याने केबलचं डिजिटायझेशन झालं. त्याआधी काय होतं? पीसीत एक टीव्ही ट्यूनर कार्ड, त्यात केबलवाल्याची वायर, आणि झालं. माझा मामेभाऊ क्रिकेटच्या मॅच रेकॉर्ड करायचा आणि हॉस्टेलच्या लॅनवर अख्खा मजला बघायचा. डिजिटायझेशनने चित्र स्वच्छ झालं हे कबूल. पण त्याबरोबर ते ट्यूनर कार्ड एका रात्रीत भंगार झालं, याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

आता तुमच्या मनात आलेले आक्षेप घेतो.

पहिला आक्षेप: कुलूप काढलं तर पायरसी होईल. अहो, पायरसी करणारा माणूस माझ्या आजीच्या बॉक्सची वाट बघत बसलेला नाही! त्याच्याकडे त्याची साधनं आहेत. टीव्हीच्या केबलवरची एचडीसीपी नावाची सुरक्षा आहे ना, तिची मास्टर की सप्टेंबर २०१० मध्येच फुटून जगभर झाली. ज्याला चोरी करायची तो केव्हाच आत घुसलाय. कुलपाने अडतो तो फक्त प्रामाणिक माणूस, ज्याने दर महिन्याला रिचार्ज केलाय.

दुसरा आक्षेप: घराच्या आतलं शेअरिंग आणि बाहेरचं शेअरिंग यात फरक करता येत नाही. साफ खोटं. डीटीसीपी-आयपी नावाचं तंत्र खास यासाठीच आहे. ते पॅकेटचा टीटीएल ३ च्या वर जाऊ देत नाही आणि समोरच्या मशीनकडून उत्तर ७ मिलिसेकंदांत आलं तरच ते मशीन घरातलं मानतं. जपानमध्ये तर आधी डिजिटल टीव्हीच्या रेकॉर्डिंगची एकच प्रत ठेवता यायची. लोक वैतागले, बोंबाबोंब झाली, आणि ४ जुलै २००८ पासून 'डबिंग १०' आलं: नऊ प्रती काढा, दहाव्यांदा मूळ फाईल हलवा. मला हीसुद्धा पद्धत आवडत नाही, माझ्या घरात मोजमाप करणारे तुम्ही कोण? पण तंत्र जमत नाही ही सबब तरी यापुढे कुणी सांगू नये.

तिसरा आक्षेप, आणि हा माझ्याच ऑफिसमधले मित्र घेतात: आता रेकॉर्ड कोण करतं? ओटीटी आहे की! बरं. ३१ मार्च २०२३ ला डिस्ने प्लस हॉटस्टारवरून एचबीओच्या सगळ्या मालिका एका फटक्यात गेल्या. अर्ध्यावर असलेल्यांनी काय करायचं? जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड शेअर करणं बंद केलं, आणि 'घर' म्हणजे काय हेही तेच ठरवणार. म्हणजे पुण्यातला मी आणि तासगावचे आई-बाबा हे एक घर नाही! आमच्या रेशनकार्डाला हे माहीत नव्हतं. शिवाय मुद्दा असा की आबांची सात मिनिटं कुठल्या ओटीटीवर येणार? वाहिनीने २०१४ चा एक भाग माझ्यासाठी शोधत बसावं अशी माझी अपेक्षाही नाही. कशाला शोधावं? प्रत आमच्या घरात होती. आहे. फक्त उघडत नाही.

आणि घरातल्या प्रतींना किरकोळ समजू नका. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात आपल्याच कार्यक्रमांच्या टेपा पुसल्या. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या भागांचा आवाज तरी आज शिल्लक आहे तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या पोरांमुळे. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाई १९७९ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत रात्रंदिवस बातम्या व्हीएचएसवर रेकॉर्ड करत राहिल्या. सुमारे ७० हजार टेपा! त्या आज इंटरनेट आर्काइव्हकडे आहेत. त्यांच्या जागी आमचा बॉक्स असता तर पहिला बोर्ड जळाल्यावर सगळं शून्य.

आता तुम्ही म्हणाल, नुसता राग काढतोस, स्वतः काय केलंस? सांगतो.

तासगावच्या घरी गच्चीवर फ्री डिशची डिश लावली. ओळखीच्या ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप घेतला, त्यात डेबियन, एक डीव्हीबी-एस२ ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड. जेलीफिन वरून. एका ट्रान्सपाँडरवरचे सगळे मोकळे चॅनेल एकच ट्यूनर एकाच वेळी रेकॉर्ड करू शकतो, हे बघून बाबा खूष. साध्या एसडी चॅनेलचा दर ३ एमबीपीएस धरा, तर अर्ध्या तासाचा कार्यक्रम जेमतेम ६७५ एमबी. १ टीबीच्या डिस्कवर ७०० तासांच्या वर मावतात. नेटवर्कला तर हा भार म्हणजे काहीच नाही, जुना १०० एमबीपीएसचा स्विचसुद्धा झोपेत पेलतो. आई स्वयंपाकघरात टॅबवर बघते, बाबा लॅपटॉपवर, आजी हॉलमध्ये. फाईल एकच, कुठेही लावा, अर्ध्यावर सोडा, दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढे बघा. यात काहीही जगावेगळं नाही. एका वीकेंडचं काम आहे. आणि यातली एकही फाईल घराबाहेर गेलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, जी वाहिनी मोकळी येते तिचं रेकॉर्डिंग मोकळंच ठेवा. दोन, पैसे भरलेल्या वाहिनीचं रेकॉर्डिंग घरातल्या नेटवर्कवर कुठल्याही मशीनवर चालू द्या, हवं तर ते ७ मिलिसेकंदांचं कुंपण घाला. तीन, बॉक्स मेला किंवा बदलला तर जुनी रेकॉर्डिंग्ज काढून देणं सक्तीचं करा. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की कुठल्याही कंपनीचा सेट टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालला पाहिजे. चांगली शिफारस. पण बॉक्स बदलता आला आणि आतल्या आठवणी मात्र मागेच राहिल्या, तर त्या स्वातंत्र्याचं लोणचं घालायचं का?

जाता जाता एक काम सांगतो, आजच करा. घरात हार्ड डिस्कवाला किंवा पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा बॉक्स असेल, आणि त्यात कुणी आपलं माणूस असेल, तर तो बॉक्स चालू आहे तोवर कार्यक्रम लावा. मागच्या एव्ही पिनांना साधा यूएसबी कॅप्चर डोंगल जोडा आणि कॉम्प्युटरवर घ्या. डोंगल नसेल तर मोबाईल स्टँडवर ठेवून पडद्याचं शूटिंग करा. क्वालिटी वाईट येईल, येऊ द्या. मला हे २०१८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर आज ही पोस्ट लिहावी लागली नसती.

आबांची डिस्क अजून माझ्या कपाटात आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढतो, जोडतो, टेस्ट चालवतो. एकही बॅड सेक्टर नाही, एकदम ठणठणीत. सातही मिनिटं जागच्या जागी आहेत.

पुढच्या महिन्यात आजी पुन्हा विचारेल. या वेळी "बघतो गं" म्हणणार नाही, काय झालंय ते तिला नीट समजावून सांगणार आहे. द्राक्षाच्या शेडला कुलूप आणि किल्ली बाजारच्या माणसाकडे, असं सांगितलं की तिला लगेच कळेल. आबांची बायको आहे ती. मग ती त्या कंपनीला काय म्हणेल ते मात्र इथे छापता येणार नाही :)

असो. चला, रविवारचा बाजार आणायचाय.